सनद आणि स्टॉपची पाटी

ज्या देशात संतापाच्या पत्राला त्याच दिवशी उत्तर येते, त्या देशात माणसाला नीट संतापता येत नाही. माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत गेली. तिथे पत्रानंतर स्मरणपत्र, त्यानंतर दुसरे स्मरणपत्र आणि मग वरिष्ठांना प्रत, असा क्रम असे. रागाला मुरायला अवकाश मिळे. इथे न्यूझीलंडमध्ये मी सकाळी कौन्सिलला ‘कायदेशीर कारवाईचा हक्क राखून’ लिहावे, आणि दुपारच्या चहाआधी उत्तर यावे: ‘किया ओरा’ हा माओरी नमस्कार, पुढे माझे पाळण्यातले नाव, पुढे ‘कळवल्याबद्दल मनापासून आभार’. श्री. नाही, आडनाव नाही, सूर असा की जणू आम्ही एका ताटात जेवलो आहोत.

गावाचे नाव मी लिहीत नाही. पुकेकोहेची कांद्याबटाट्याची लाल माती मागे पडून गाईंची कुरणे सुरू होतात, तिथे ते आहे. नाव न लिहिण्याचे कारण इतकेच की कौन्सिलशी माझा सध्या तह आहे. तो का करावा लागला, ते सांगतो.

माझी सून दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे, आणि मंगळवारची संध्याकाळ व बरेचसे शनिवार-रविवार सैन्यात कॅप्टन आहे. इथल्या राखीव दलात सक्तीने कोणी येत नाही. शाळामास्तर येतात, सुतार येतात, गोठ्यातले काम उरकून शेतकरी येतात. गावातल्या लाकडी ड्रिल हॉलमध्ये त्यांची तुकडी जमते. हॉलच्या भिंतीवर जुनी छायाचित्रे आहेत. परदेशी महायुद्धांत गेलेली आणि न परतलेली मुले त्यांत आहेत, आणि सर्वांत वर दाढीवाले पहिले स्वयंसेवक. त्यांच्याविषयी मी एका माओरी कॉर्पोरलला विचारले, तेव्हा तो हसत म्हणाला, “हे लोक आमच्या जमिनीसाठी आमच्याशीच लढायला उभे राहिले होते. माझे पूर्वज नदीच्या पलीकडून यांच्यावर गोळ्या झाडत होते.”

“मग तुम्ही या बाजूला कसे?”

“पार्किंग याच बाजूला आहे, मॅटुआ.”

मॅटुआ म्हणजे वडीलधारा. पुढे तो म्हणाला, “पूर आला की नदी बाजू विचारत नाही. कोणीतरी दोरी घेऊन जावं लागतं.” या उत्तरावर मला हरकत घेता आली नाही, आणि तसे माझ्या बाबतीत क्वचित घडते.

स्वयंसेवक शिपाई म्हणजे काय, हे मला ऐकून माहीत नाही. तरुणपणी मी भारताच्या प्रादेशिक सेनेत हवालदार होतो. वर्षभर दाव्यांच्या फायली लावायच्या आणि शिबिराला जाऊन खांद्याला पट्ट्याचे वळ घेऊन यायचे. एका वर्षी रजा नाकारताना साहेब म्हणाले, “हौशी शिपायाला कसली हो रजा?” त्यावर नियमाचा आधार देऊन मी लिहिलेले पत्र हे माझ्या आयुष्यातले पहिले संतापलेले पत्र. रजा मिळाली. त्या यशानेच मी बिघडलो, असे आमच्या हिचे मत आहे.

आता सनदेविषयी. या गावाने फार पूर्वी आपल्या तुकडीला एक सनद दिली: नगारे वाजवीत, निशाण फडकवीत, संगिनी चढवून गावातून संचलन करण्याचा हक्क. तो हक्क अधूनमधून बजावायचा असतो. तुकडी पुलाशी आली की पोलीस अधिकारी हात आडवा करून विचारतो, ‘कोणत्या अधिकाराने?’ कॅप्टन सनद दाखवते. तो वाट सोडतो. मग तुकडी मुख्य रस्त्याने जाऊन मेयरला सलामी देते. बंदुका हातात असलेली माणसे कागदासाठी थांबतात! कायद्याच्या माणसाला याहून सुंदर दृश्य ते कोणते? यंदा ती सनद माझी सून दाखवणार होती. पहिल्यांदा आणि शेवटचीच, कारण तिची बदली क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या कारखान्यात झाली होती आणि परेडनंतर ती तुकडी दुसऱ्याच्या हाती सोपवणार होती.

एका मंगळवारी ती हॉलमधून परतली, दाराशी बसून बुटांचे बंद सोडू लागली आणि वर न बघता म्हणाली, “बाबा, यंदा परेड होत नाहीये. रस्ता बंद करता येत नाही.”

एवढे मला पुरले. ही म्हणाली, “अहो, कुणामुळे, कशामुळे, ते तरी विचारा तिला.” मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी चहा होताच मी मेयर, कौन्सिल आणि रस्ते विभाग यांना लिहिले की सनद हा हक्क आहे, परवाना नव्हे. दिलेला हक्क वाहतुकीच्या सोयीसाठी हिरावून घेता येत नाही. आणि सात दिवसांत खुलासा न आल्यास मला पुढील मार्ग मोकळा राहील.

सात दिवस कशाला? दुपारीच उत्तर आले. ‘किया ओरा’, माझे नाव, आणि पुढे: आपले म्हणणे शंभर टक्के मान्य. परेड आम्ही रद्द केलेली नाही. रस्ता बंद करायचा तर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी प्रशिक्षित माणूस लागतो. अशी सगळी माणसे सध्या महामार्गाच्या कामावर आहेत, म्हणून तुकडीनेच अर्ज मागे घेतला. आपल्या ओळखीत कोणी स्वयंसेवक शिकायला तयार असतील तर जरूर कळवा.

म्हणजे अर्ज मागे घेणारी व्यक्ती त्या रात्री माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून भेंडीची भाजी वाढून घेत होती. कौन्सिलने प्रत पाठवल्यामुळे तिच्यापर्यंत माझी नोटीस माझ्याआधी पोहोचली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “मी वर्दीतली माणूस आहे. माझ्या परेडसाठी माझ्या घरातून कौन्सिलला धमकी जाणं बरं दिसत नाही.”

“तुझ्या वतीने लिहिलेले नाही. नागरिक म्हणून लिहिले आहे.”

“नागरिक नाही आहात अजून. रहिवासी आहात.”

कायद्याचा मुद्दा बरोबर होता. मी पोळीकडे पाहिले. माझा मुलगा, जो अशा वेळी नेहमी पाणी आणायला उठतो, पाणी आणायला उठला.

“आता कसं करायचं गं?” हिने विचारले.

“काही नाही, आई. हॉलच्या मागच्या मैदानात उभे राहू, फोटो काढू.” ती सहज बोलली खरी, पण भाजी तिने ताटातच ठेवली.

सून आत गेल्यावर ही माझ्याकडे वळली. “पत्रं लिहून रस्ता बंद होतो का हो? त्यांना माणसं हवीत, तुम्ही माणूस आहात. शिका की! नाहीतर मी जाते.”

दोघेही गेलो. हिल्सबरोला दर महिन्याला जमणाऱ्या मराठी ज्येष्ठांतून आणखी चौघे आले: एक निवृत्त बँक मॅनेजर, एक मुख्याध्यापिका आणि विहारात नेमाने वंदनेला जाणारे एक जोडपे. हे सुनेला सांगितले तेव्हा तिने आधी माझ्या पायांकडे पाहिले. मग म्हणाली, “बाबा, बूट आहेत ना तुमच्याकडे? जँडल-चपला चालत नाहीत तिथं.” त्या प्रश्नात मला क्षमापत्र मिळाले, आणि रस्त्याचा अर्ज तिने पुन्हा भरला.

प्रशिक्षण एका धिप्पाड सामोअन बाईंनी दिले. एका बाजूला तांबडे स्टॉप, दुसऱ्या बाजूला हिरवे गो, अशी दांड्याची पाटी. “अंकल, ती तलवार नाही! काठी टेकवा. आणि काहीही झालं तरी पाटीवरचा हात सोडायचा नाही. हात हलला की ड्रायव्हर गोंधळतो.” हिच्याकडे पाहून मात्र त्या थक्क झाल्या. नारिंगी जाकीट सहावारीवर चढवून ही उभी राहिली आणि नुसत्या नजरेने शिकवणीची गाडी थांबली. “आंटी, तुम्ही आधी कुठं केलंय हे?”

“घरी,” ही म्हणाली.

परिणामी परेडच्या दिवशी हिला मुख्य चौक मिळाला आणि मला डेअरीशेजारची गल्ली. डेअरी म्हणजे इथले कोपऱ्यावरचे दुकान. त्या गल्लीत दुकानाचे मागचे दार, कचऱ्याचे डबे आणि एक मांजर यांखेरीज काही नव्हते. अशा वाटपाविरुद्ध अपील कोणाकडे करावे, याचा मी विचार करीत होतो, तोच पुलाकडून नगाऱ्यांचा आवाज आला. म्हणजे सनद दाखवून झाली होती. आणि त्याच वेळी गल्लीच्या मागच्या टोकाने एक छोटी गाडी घाईघाईत आत शिरली.

मी पाटी समोर केली. काच खाली आली. आत एक बाई होत्या आणि शेजारच्या आसनावर मेयरने समारंभात गळ्यात घालायची मानाची साखळी होती.

“मला पुढे जायचंय. मी मेयर आहे.”

“ठाऊक आहे. मी आपल्याला पत्रे लिहितो.”

“अगंबाई! तुम्हीच ते?” त्या हसल्या. “अहो, मला उशीर झालाय. सलामी घ्यायचीय.”

“रस्ता बंद आहे.”

“माझ्याच सहीनं बंद आहे तो!”

“म्हणूनच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, पाटीकडे पाहिले आणि गाडी बंद केली. साखळी गळ्यात घालत त्या धावत माझ्याशेजारी आल्या, पण व्यासपीठ बरेच पुढे होते आणि तुकडी समोर येऊन ठेपली होती. “आता नाही पोहोचत मी,” त्या पुटपुटल्या. “इथंच उभी राहिले तर चालेल ना?” पदपथावर उभे राहण्यास कायद्याची हरकत नव्हती. तसे मी सांगितले.

सर्वांत पुढे माझी सून. हातात उपसलेली तलवार, नजर सरळ. पाऊल पडत होते ते असे की डेअरीच्या काचा थरथरत होत्या. व्यासपीठ रिकामे आहे हे तिने दुरूनच पाहिले असावे. मग तिला पदपथावरची साखळी दिसली. तिने हुकूम दिला, तलवार ओठांपाशी नेऊन खाली झुकवली, आणि मास्तर, सुतार, शेतकरी, तो नदीपलीकडचा कॉर्पोरल, साऱ्या तुकडीच्या माना एकाच झटक्यात उजवीकडे वळल्या. मेयरकडे, म्हणजे सुमारे हातभर अंतराने माझ्याकडे.

सलामी माझी नव्हती. ती मेयरची होती, यात कायद्याने शंका नाही. पण हवालदाराचा उजवा हात अशा वेळी आपोआप वर जातो. तो वर जाऊ नये म्हणून मी पाटीचा दांडा जितक्या घट्ट धरला, तितक्या घट्ट आयुष्यात लेखणीही धरलेली नाही. हात हलला नाही.

नंतर हॉलमध्ये चहा होता. मेयरबाई कपबशी घेऊन आल्या आणि म्हणाल्या की माझी पत्रे त्यांना आवडतात, फक्त सात दिवसांची मुदत द्यायची गरज नाही, त्या लवकर उत्तर देतात. मी म्हणालो, “तेच तर दुःख आहे.” असा तो तह.

सून आली ती घामाघूम, टोपी काखेत. सासऱ्याशी एरवी मोजके बोलणारी ती माझ्या जाकिटाची कॉलर नीट करत म्हणाली, “मेयरना अडवलंत म्हणे.”

“अडवले. पाटीवर स्टॉप होते.”

“गल्लीकडून स्टॉप होतं, बाबा,” ती म्हणाली. “आमच्याकडून गो दिसत होतं.”