घोंगडीवर झालेली कुस्ती

तालमीत माझी ख्याती होती ती दूध पिण्याबद्दल. जोर-बैठका मी बेताच्याच मारी, पण खुराकाच्या वेळी माझ्यापुढे कोणी टिकत नसे. आमचे वस्ताद म्हणत, "ह्याची जोड म्हशीसंगं लावा, बरोबरी हुईल." वस्ताद खोटं बोलत नसत, त्यामुळे राग धरायची सोय नव्हती.

असा मी पुढे भोरला शाळेत लागलो आणि गावभर 'पैलवान मास्तर' म्हणून मिरवू लागलो. त्याला आधार एकच. वरव्याच्या जत्रेत मी एक कुस्ती मारली होती आणि तिचा फेटा घरी पेटीत होता. त्या फेट्याकडे बघून सासऱ्यांनी मुलगी दिली. शाळेतली पोरं छडीपेक्षा त्या फेट्याला जास्त भीत. मीही सांगताना दर वर्षी प्रतिस्पर्ध्याचं वजन थोडं वाढवत असे. आणखी पाच-सहा वर्षं गेली असती तर मी हत्तीला पाडल्याचं सांगितलं असतं.

ती कुस्ती खरं तर माझी नव्हतीच. शेवटून दुसरी, फेट्याच्या बक्षिसाची जोड आमच्या तालमीच्या एका चांगल्या गड्याची होती. तो जत्रेतलं काहीबाही खाऊन सकाळपासून नदीकाठ सोडायला तयार नव्हता. वस्तादांनी इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कोणी दिसेना, तेव्हा मला म्हणाले, "उबा तर ऱ्हा. तालमीची लाज ऱ्हाईल."

समोर गुंजवण्याचा गडी होता. भातशेतीत राबून आलेला, बोलायला कमी. त्याचा बाप त्याच्याबरोबर डोंगरातून चालत आला होता आणि कुस्तीच्या हौद्याच्या कडेला मुलाचा सदरा घडी करून मांडीवर घेऊन बसला होता. दोन मिनिटांत त्या गड्यानं मला हौद्याच्या कडेपर्यंत रेटलं. तिथे एक म्हातारा आपली काळी घोंगडी मातीवर अर्धी पसरून बसला होता. म्हातारा उठून बाजूला झाला, घोंगडी राहिली आणि मी उताणा तिच्यावर पडलो. दोन्ही खांदे टेकले, म्हणजे तिथेच मी हरलो. घोंगडी कशी टोचते हे मला आजही नीट सांगता येईल. पण गड्याला स्वतःचा जोर आवरला नाही. आम्ही दोघं तसेच गडगडलो आणि तो खाली गेला, मी वर आलो. पंच पलीकडच्या अंगाला होते. ते धावत आले तेव्हा त्यांना दिसली ती त्याची मातीत रुतलेली पाठ आणि त्याच्यावर बसलेला मी. त्यांनी माझा हात वर केला.

वाटलं, बोलावं. पण फेटा समोर दिसत होता, केशरी.

आमच्या वस्तादांची एक रीत होती. जिंकलेल्यानं हरलेल्याची पाठ सगळ्यांदेखत आपल्या हातानं झाडायची, म्हणजे मनात काही राहत नाही. मी ती रीत फार मन लावून पाळली. लोकांनी नीट बघावं म्हणून दोन्ही खांद्यांवरून, कण्यावरून, कंबरेपर्यंत सावकाश हात फिरवला आणि मग पुन्हा एकदा वरपासून सुरुवात केली. तो मान खाली घालून उभा होता. वस्ताद मला फक्त म्हणाले, "घरी जा." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हौद्याची माती उकरायला लावलं आणि पुन्हा कधी कुठल्या जत्रेत उतरवलं नाही. मी त्याचा अर्थ असा लावला की माझं नाव राखायचं त्यांच्या मनात आहे.

मग लढाईचे दिवस आले. वस्ताद पार थकले, कानांनी ऐकू येईनासं झालं. त्या पंचांनीही वय झालं म्हणून हौद्यात उतरणं सोडलं. दोघांनी उभा जन्म पंचक्रोशीतल्या मातीला दिला होता, बदल्यात नारळाशिवाय काही घेतलं नव्हतं. तेव्हा वरव्याच्या पाटलांनी ठरवलं की यंदाच्या जत्रेत दोघांना फेटे बांधायचे आणि मानपत्रं द्यायची. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून सगळं दिवसाउजेडी उरकायचं होतं. मानपत्रं लिहायला अक्षर चांगलं असलेला आणि कुस्तीतलं कळणारा माणूस हवा होता. त्यांनी मला बोलावलं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, यावरून माणूस किती कोडगा होऊ शकतो ते कळावं.

वस्तादांचं मानपत्र झटकन झालं. पंचांच्या मानपत्रात मी एक वाक्य घातलं: 'आपल्या हातून उभ्या आयुष्यात एकही चुकीचा निकाल गेला नाही.' पाटील त्या वाक्यावर बेहद्द खूश झाले. म्हणाले, "हितं टाळ्या पडत्यात बगा."

मसुदा ऐकवायला मी पंचांच्या घरी, सारोळ्याला गेलो. ते ओसरीवर दोर वळत बसले होते. मी खड्या आवाजात वाचायला लागलो. त्या वाक्यापाशी त्यांचे हात थांबले.

"तेवढं वाक्य खोडा, मास्तर."

मी म्हणालो, "हा आपला मोठेपणा."

"मोठेपना कशाचा? येक निकाल चुकलाय माजा."

"कुठला?"

"तुमचाच."

मी कागदाची घडी घालू लागलो, ती मला धड घालता येईना.

ते शांतपणे सांगत होते. "तुमचा हात वर केला आन् मग तुमी माज्या पाया पडाया वाकला. तवा दिसली. दोनी खांद्यांवर काळी लोकर. मातीत कुस्ती करनारा मानूस लोकर घिऊन उटतो व्हय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"भ्यालो. वर गेल्याला हात खाली आला तर उद्या पंचाचं कोन ऐकनार, आसं वाटलं. त्या पोराचा बाप त्याच्याम्होरं चालत गेला, मागं वळून बगितलं न्हाई. पोरगं परत वरव्याच्या मातीत उतरलं न्हाई. म्या लई निकाल दिलं, पर येवडाच ध्यानात ऱ्हायला." मग दोर पुन्हा हातात घेऊन म्हणाले, "म्या कुनाला सांगनार न्हाई. पर ते वाक्य ठिवलं तर म्या फेटा बांदून घ्याया येनार न्हाई."

परतताना मला त्या कुस्तीनंतर पहिल्यांदा लाज वाटली. इतकी वर्षं मी ते माझं एकट्याचं गुपित समजत होतो. अर्धं ओझं या म्हाताऱ्यानं वाहिलं होतं आणि फेटा मात्र अख्खा मी घेतला होता.

तरीही स्वभाव जात नाही. वाक्य नुसतं गाळलं तर पाटील विचारणार, का गाळलं, पंचांचं कुठं चुकलं? म्हणून मी मधला रस्ता शोधत बसलो. 'सहसा चुकीचा निकाल गेला नाही' असं लिहून पाहिलं. 'बहुतेक निकाल बरोबर गेले' असंही लिहिलं. असलं मानपत्र कोणी शत्रूलाही देत नाही. शेवटी बायकोला सगळं सांगितलं आणि म्हणालो, फेटा परत करून टाकतो. ती म्हणाली, "तो कुठून आणणार? धाकटीच्या गोधडीत गेला तो, दोन वर्षं झाली." म्हणजे दोन वर्षं मी रिकाम्या पेटीच्या जोरावर छाती काढून चालत होतो.

सत्काराच्या दिवशी जुने पैलवान बोलावले होते. गुंजवण्याचा तो गडी शेवटच्या रांगेत बसला होता. केस पिकले होते. आधी वस्तादांना फेटा बांधला. मग पंच पुढे आले, उघड्या डोक्यानं बसले आणि माझ्याकडे बघू लागले. पाटलांच्या हातात फेटा तयार होता.

मी वाचायला लागलो. त्या वाक्याच्या जागी आलो. वाचलं, "आपल्या हातून उभ्या आयुष्यात एकच निकाल चुकला. तो माझा. गुंजवण्याच्या गड्याशी झालेली कुस्ती मी हरलो होतो आणि ते मला तेव्हाच ठाऊक होतं."

माझ्या मते आता मैदान गंभीर व्हायला हवं होतं. झालंही असतं. पण वस्तादांना ऐकू आलं नव्हतं. "काय म्हनला त्यो?" त्यांनी विचारलं. शेजारचा त्यांच्या कानात बेंबीच्या देठापासून ओरडला, "मास्तर हारलं हुतं म्हंत्यात!" सगळं मैदान हसलं. मी कागद धरून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, रडू येत होतं.

वस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "मंग उबा का? रीत ठावं हाय न्हवं? पाट फिरव."

शेवटच्या रांगेतला गडी उठून पुढे आला. मी त्याच्याकडे पाठ केली. समोर पंचांनी पाटलांपुढे मान वाकवली आणि पाटील फेटा बांधू लागले. माझ्या अंगात शाळेचा स्वच्छ धुतलेला कोट होता, त्यावर मातीचा कणही नव्हता. तरी त्यानं तो झाडला. दोन्ही खांद्यांवरून, कण्यावरून, कंबरेपर्यंत, सावकाश. मला वाटलं, झालं. मग त्यानं पुन्हा एकदा वरपासून सुरुवात केली.