अक्षरांवरच्या खुणा

उंब्रजच्या स्टँडमागं एका गृहस्थांचं डीटीपीचं दुकान आहे. एरवी लग्नपत्रिका करणाऱ्या या माणसाकडं मी प्राचीन ग्रीक विचारवंतांवरचं माझं पुस्तक अक्षरजुळणीला दिलं. ग्रीक त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. अक्षरांवरच्या बारीक खुणा भिंगातून बघत ते म्हणाले, "आवं सर, हे आपल्या वेलांटीवानीच हाय. अक्षर येगळं, खूण येगळी. कंप्युटर दोनी जोडून दावतोय."

"खुणा सोडून द्या," मी कंटाळून म्हणालो. "कोण बघतंय?"

"छापल्यालं ऱ्हातंय सर," म्हणत त्यांनी एकेक खूण बसवली.

सांगलीत पुस्तकाच्या प्रकाशनाला पाहुणे म्हणाले, "सरांनी एकही खूण सुटू दिली नाही." मी हात जोडले. मागच्या रांगेतून पहिली टाळी त्या डीटीपीवाल्यांचीच आली.

तेव्हापासून मी उंब्रजला उतरत नाही.