दीड वर्षाचा कॉम्प्युटर

माझी नणंद चोवीस वर्षं काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. पांढऱ्या उजेडासमोर बसायचं, पट्ट्यावरून बाटल्या सरकत जायच्या, आणि तडा, बुडबुडा, वाकडं तोंड दिसलं की बाटली उचलून बाजूला टाकायची. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय, ते तिच्याकडे बघून कळायचं. कारखान्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. घरी ती ताई. माझा नवरा तिच्याहून सात वर्षांनी लहान, त्यामुळे मीही ताईच म्हणायचे. तिनं लग्न केलं नाही. आमच्या तीन खोल्यांतली मधली खोली तिची.

तिला नाद एकच. कामावरून आली, हातपाय धुतले, की ती माझ्या नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसायची. ट्रक चालवायचा, घाट उतरायचा, माल पोचवायचा. जन्मात सायकल न शिकलेली ही बाई तिथं अठरा चाकांचा ट्रक मागे घेऊन अचूक गोदामाला लावायची, आणि मग आमच्याकडे वळून बघायची, कुणी पाहिलं का म्हणून.

एका पावसाळ्यात ती घरातल्या स्टुलाला, दाराच्या कडीला, माझ्या कोपराला धडकायला लागली. मी म्हटलं, “ताई, लक्ष कुठाय?” ती हसली. पण कारखान्यातही कडेच्या बाटल्या तिच्या नजरेतून सुटू लागल्या, आणि एकदा तडा गेलेली आख्खी रांग पुढे गेली. तेव्हा ती स्वतःच डॉक्टरकडे गेली.

नजर कडेकडून मिटत चालली होती. मध्ये तेवढी गोल जागा उरली होती, आणि तीही लहान होत जाणार होती. औषध नाही, ऑपरेशन नाही. “किती दिवस?” असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, “वर्ष, दीड वर्ष. नेमकं सांगता यायचं नाही.”

कारखान्यानं हिशेब करून पैसे दिले आणि तिला घरी पाठवलं. त्यातले बहुतेक तिनं बँकेत टाकले आणि साठ हजार बाजूला काढले. जेवताना म्हणाली, “मला नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. गेम खेळायचा. चांगला.”

नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. “डोळे जपायचे सोडून? आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत ताई.”

“अंथरूण दिसतंय तोवर तरी पसरू दे की.”

तो ताटावरून उठला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “डॉक्टरांना विचारलंय मी. त्या म्हणाल्या, बघितल्यानं जाणार नाहीत, आणि न बघितल्यानं राहणार नाहीत.”

दुकानात मी तिच्याबरोबर गेले. दुकानदार तरतरीत, बोलका. आधी त्यानं कॉम्प्युटरचा एक काचेचा डबा दाखवला. आत लाल-निळे दिवे पळत होते.

“हे दिवे कशाला?” ताईनं विचारलं.

“दिसायला छान दिसतं मॅडम.”

“खेळायला काही फरक?”

“तसा नाही.”

“मग पत्र्याचा साधा डबा द्या. दिव्यांचे पैसे कार्डात घाला.”

कार्ड म्हणजे चित्रं उमटवणारा भाग. ते तिला पक्कं माहीत होतं. महिनाभर ती माझ्या फोनवर हेच वाचत होती. प्रोसेसर मधला चालेल, मेमरी सोळा जीबी हवी, पण कार्डात हात आखडता घ्यायचा नाही. दुकानदार खूश झाला. मग त्यानं भिंतीवरचा मोठा, वळणदार मॉनिटर लावला.

“या कार्डाला हाच शोभतो. थोडं बजेट वाढवा. पुढची चार-पाच वर्षं बघायला नको.”

“मला चार वर्षांचं नको,” ताई म्हणाली. “दीड वर्षाचं द्या.”

तो मोठ्यानं हसला. आम्ही हसलो नाही, तसा थांबला. ताईनं दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून ताटलीएवढा गोल केला. “मला एवढंच दिसतं. तुमच्या या मॉनिटरचा मला एक कोपरा दिसेल. लहान दाखवा.”

आत जाऊन त्यानं सगळ्यात लहान मॉनिटर आणला, टेबलावर ठेवला, तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती खुर्ची मागे सरकवत गेली, चारी कडा दिसेपर्यंत. मग म्हणाली, “सगळा पांढरा करा.”

पांढऱ्या उजेडासमोर ती ताठ बसली. मान हळूहळू फिरवत वरून खाली आली आणि एका जागी बोट ठेवलं. “इथला ठिपका मेलाय.” दुकानदारानं डोळे अगदी जवळ नेले तेव्हा कुठं त्याला तो दिसला. त्यानं दुसरा काढला. तोही तिनं तसाच तपासला, आणि म्हणाली, “हा पास.” मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले.

नवा गेम तिनं मोठ्या मोकळ्या मुलखाचा घेतला. डोंगर, नद्या, गवत, घोडा. त्यात माणसं कामं सांगत, शत्रू मारायला सांगत. ताई कुणाचं ऐकत नसे. घोड्यावर बसायची, टेकडी चढायची आणि सूर्य उगवेपर्यंत तिथं उभी राहायची. “अगं, इकडे ये,” मला हाक मारायची, “पाणी बघ कसं चमकतंय.” भाकड गेम, असं नवरा आतून पुटपुटायचा. दोन महिने तो त्या खोलीत फिरकला नाही. मग एकदा चहा द्यायच्या निमित्तानं गेला आणि तिच्यामागे उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन गेला.

ताटलीची वाटी झाली, वाटीचं नाणं. तेराव्या महिन्यात घोडा वारंवार कड्यावरून कोसळू लागला. तेव्हा नवरा सांगू लागला, “डावीकडे घे. पुढे पूल आहे. थांब, थांब!” शेवटी तिनं माऊस त्याच्या हातात दिला. “तू चालव. मी ऐकते.” पहिल्याच दिवशी त्यानं तिला घोड्यासकट नदीत घातलं. दोघं कितीतरी वेळ हसत होते. त्यांना तसं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

मग तिला काहीच दिसेनासं झालं. तरी ती रोज येऊन बसायची, आणि नवरा सांगायचा. एकदा मी दारात उभी होते. पडद्यावर रात्रीचा काळोख होता, घोड्याचे कानही दिसत नव्हते. नवरा म्हणत होता, “टेकडीवर आलोय ताई. सूर्य वर येतोय. लख्ख ऊन पडलंय.”

ताई जरा वेळ ऐकत राहिली. “रातकिडे ओरडतायत की रे,” ती म्हणाली.

तिनं चाचपत नवऱ्याचा हात शोधला. “पुरे आता.”

“चुकलो ताई. जे असेल तेच सांगेन यापुढे.”

“तसं नाही. तू सांगतोस ते तुझं. मी पाहिलं ते माझ्याजवळ आहे. आता दोन्हीची सरमिसळ व्हायला लागलीय. माझं मला नीट ठेवू दे.”

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. ताई भिंतीचा आधार घेत बाहेर गेली, आणि तो त्या काळ्या पडद्यासमोर लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला.

पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणारं एक केंद्र चार गल्ल्या पलीकडे आहे. ताई तिथं जाते. तिला ते आवडत नाही. शिकवणारी बाई फार गोड बोलते म्हणून चिडते, आणि काठी मुद्दाम विसरते. सकाळी नवरा कामाआधी तिला सोडतो. पहिले काही दिवस ती त्याचं मनगट इतकं घट्ट धरायची, की संध्याकाळीही त्यावर तिच्या बोटांचे वळ असायचे.