टी-सेटच्या जागेवरचा डबा

सनई नीट ऐकू येते की नाही, हे मी मागांच्या सुट्टीच्या दिवशी ठरवलं. आमच्या सोलापूरच्या गल्लीत दोन्ही अंगांना चादरीचे माग. आठवड्यातून एक दिवस ते बंद असत. नेमका तोच दिवस धरून मी रेकॉर्ड लावली, कान टवकारले आणि निकाल दिला, "स्वच्छ ऐकू येतंय. प्री-अॅम्प्लिफायर नको." दुसऱ्या दिवशी माग सुरू होणार आहेत, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. सासऱ्यांचा जन्म मागावर गेला, आणि त्या खडखडाटात कानही गेले. कानाशी ओरडलं तर ऐकू येई, इतपतच. त्यांना सनईचं वेड, म्हणून ह्यांनी घरीच अॅम्प्लिफायर जोडला आणि मित्राकडून परदेशी रेकॉर्ड प्लेयर मिळवला. आवाज मात्र पुटपुटल्यासारखा.

हे म्हणाले, "ह्या सुईतून फार बारीक आवाज निघतो. अॅम्प्लिफायरकडे जायच्या आधी त्याला बळ द्यायला अजून एक डबा लागतो, प्री-अॅम्प्लिफायर."

"आणि तो ठेवणार कुठं? माझ्या डोक्यावर?"

कपाटावर उरलेली जागा माझ्या टी-सेटची होती. आईनं दिलेला, नाजूक निळ्या फुलांचा. त्यातून कधी कुणी घोटभर चहा प्यायलं नाही, पण माझा तोरा केवढा! त्यात मी मॅट्रिक झालेली सून. मग माझ्यापुढे कोण बोलणार?

"मामंजींना विचारा की," मी म्हटलं.

मामंजींनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "लई झ्याक ऐकू येतंय."

झालं. रोज दुपारी मी रेकॉर्ड लावून कामाला लागायची. ते डोळे मिटून मान डोलवायचे, गुडघ्यावर ताल धरायचे. आल्यागेल्याला मी ऐकवायची, "बघा, डब्यावाचून काही अडलं का?"

एका दुपारी वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम गप्प झाले, म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेर डोकावले. तबकडी थांबली होती. मामंजी डोळे मिटून ताल धरून बसले होते.

मी उंबऱ्यातच बसले. संध्याकाळी टी-सेट खोक्यात भरून पलंगाखाली सरकवला आणि ह्यांना म्हटलं, "डबा आणा."

"ठेवणार कुठं?" हे म्हणाले. एवढी संधी सोडतील तर हे कसले.

डबा आला. भर दुपारी, माग खडखडत असताना, आम्ही सनई लावली. मामंजींचा गुडघ्यावरचा हात थांबला. रेकॉर्ड संपेपर्यंत ते डोळे उघडे ठेवून नुसते बसून राहिले. असा सासरा माझ्यासारख्या आगाऊ पोरीच्या वाट्याला कसा आला, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

त्यांच्या कानाशी वाकून मी विचारलं, "मामंजी, इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझा टी-सेट हलवाय लागला असता. आईच्या घरची तेवढीच वस्तू हाय की तुझ्याजवळ."