सेन्सेईंच्या गावी बघण्यासारखं काही नाही

आमच्या ग्रुपमध्ये कुणी एकट्याने काही करत नाही. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात जवळजवळ राहणारी आम्ही चार मराठी कुटुंबं. दारातला बर्फ उडवायचा साधा स्नो ब्लोअर घ्यायचा असला तरी चारही नवरे मिळून दुकानात जातात. एका घरात कुणाला ताप आला की बाकीच्या तिन्ही घरांतून मुगाची खिचडी येते आणि ती संपवता संपवता तापातून उठलेला माणूस पुन्हा आडवा होतो. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा जानेवारी होता. मला गाडी चालवता येत नव्हती, नवरा सकाळीच ऑफिसला जायचा आणि खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय दुसरा रंग दिसायचा नाही. तेव्हा याच बायकांनी मला आळीपाळीने घराबाहेर काढलं. ते मी विसरलेले नाही. पण मागच्या हिवाळ्यात याच लोकांनी मला पुरतं कोंडून टाकलं, आणि तेही प्रेमाने.

स्प्रिंग ब्रेकला, म्हणजे मुलांच्या मार्चमधल्या सुट्टीत, सगळ्यांनी मिळून जपानला जायचं, हे ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पावभाजी खाताना ठरलं. ठरल्याबरोबर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जपानी येतं. म्हणजे लग्नाआधी मी पुण्यात एका कंपनीत दुभाषी होते. इथे डिपेंडंट व्हिसावर आले आणि कामच करता येईना. बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली, तेव्हा मी आमच्यातल्या इतर बायकांसारखाच सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला आणि कामाला लागले. जपानी उरलं ते फक्त सुशीच्या हॉटेलात. तिथे नवरा कौतुकाने वेटरला सांगायचा की हिला तुमची भाषा येते, आणि तो बिचारा बहुतेक वेळा मेक्सिकोचा नाहीतर नेपाळचा असायचा.

मला हे जपानी शिकवलं ते सेन्सेईंनी. सेन्सेई म्हणजे शिकवणाऱ्या बाई, एवढंच. पण माझ्या डोक्यात तो शब्द फक्त त्यांचाच आहे. पन्नाशी उलटल्यावर त्या जपानच्या डोंगरातल्या एका लहान गावातून एकट्या पुण्यात आल्या, भाड्याच्या खोलीत राहिल्या आणि काही वर्षं आम्हाला शिकवून परत गेल्या. मंडईत जाऊन मराठीत भाजी घ्यायच्या आणि कढीपत्ता फुकट मिळाला की वर्गात येऊन सांगायच्या. माझं एखादं वाक्य चुकलं तर त्या चूक सांगायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. मी आपणहून दुरुस्त करीपर्यंत थांबायच्या. माझ्यासाठी इतका वेळ थांबलेलं माणूस मला नंतर भेटलेलं नाही. मी अमेरिकेत आल्यावरही आमचं अधूनमधून बोलणं चालू राहिलं. त्यांच्याकडेही मरणाचा बर्फ पडतो. आमचा बर्फ भुरभुरीत, फुंकला तर उडेल असा. त्यांचा ओला आणि जड, छपरावरून उतरवला नाही तर घर दाबून टाकणारा. आता त्या ऐंशीच्या आसपास आहेत, एकट्या राहतात आणि गुडघ्यांमुळे गाडी चालवणं त्यांनी सोडलंय. पावभाजीच्या त्या शनिवारी सगळे टोकियोबद्दल बोलत होते, तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. सेन्सेईंच्या घरी एक रात्र राहायचं. मी एकटीने.

घरी येताना मी नवऱ्याला सांगितलं. तो नागपूरचा, स्वभावाने मोकळा, पण चार लोकांत कुणाला नाही म्हणायची वेळ आली की तो विषयच बदलतो. तो म्हणाला, बघू, प्लॅन तर होऊ दे. मी सेन्सेईंना मात्र लगेच कळवलं की मार्चअखेर येतेय.

प्लॅन करणारी आमच्यातली एकजण आहे. तिला मी म्होरकी म्हणेन, कारण ती आहेच तशी. ग्रुपच्या सगळ्या सहली तीच आखते आणि त्या चोख होतात. तिच्या घरी शनिवारी डबे घेऊन जमायचं, मुलांना खाली बेसमेंटमध्ये सोडायचं आणि टीव्हीवर तिचा तक्ता बघायचा, असं सुरू झालं. टोकियो, उंच मनोरा, चेरीच्या बागा, मग ओसाका, मुलांसाठी थीम पार्क. तक्त्यात माझं नाव जागोजागी होतं. हॉटेलचं चेक-इन, रेल्वेचे पास, आणि मुख्य म्हणजे जेवण. दोन कुटुंबं शुद्ध शाकाहारी आणि जपानमध्ये साध्या सूपमध्येही माशाचं पाणी असतं, हे कुणीतरी वाचलेलं. त्यामुळे प्रत्येक हॉटेलात शिरण्याआधी मी आत जाऊन विचारून यायचं होतं. इतकी वर्षं शिकलेल्या भाषेतलं एकच वाक्य सगळ्यांना हवं होतं, यात मासे आहेत का. मला राग यायचा आणि मी मान डोलवायचे.

अखेर डिसेंबरात एकदा मी धीर करून म्हटलं की ओसाकाच्या आधी एक दिवस मला माझ्या बाईंकडे जायचंय, गाव आत आहे, गाडी बदलून पुढे बसने जावं लागतं, तुम्ही तेवढा वेळ शहर बघा. मला वाटलं, आता नाराज होणार. मी नाराजीची तयारी करून आले होते.

म्होरकीचा चेहरा उलट फुलला. "अगं, एकटी कशी जाशील? आपण सगळेच जाऊ. रियल जपान बघायला मिळेल."

मग काय विचारता. सगळ्यांना एकदम खेडं हवंसं झालं. शहरं काय, कुठेही बघता येतात. एकजण म्हणाली, बाईंना आपण पुरणपोळी करून नेऊ, फ्रोझन करून नेता येते. दुसरी म्हणाली, त्यांना नऊवारी नेसवून फोटो काढू. कुणाच्या तरी नवऱ्याने विचारलं, घर केवढं आहे, मुलं खाली झोपतील. माझा नवरा सुटल्यासारखा हसत होता, कारण कुणालाच नाही म्हणावं लागलं नव्हतं.

आणि मला दिसायला लागलं ते घर. फोनवर मी ते कितीदा पाहिलेलं. दोन खोल्या, सरकते कागदी दरवाजे, त्यातल्या एकाला मांजराने पाडलेलं भोक आणि त्यावर सेन्सेईंनी चिकटवलेलं कागदाचं फूल. त्या घरात आमची मोठी माणसं आणि पोरंटोरं. सेन्सेई दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा पुन्हा वाकतील, आठवडाभर आधी स्वयंपाकाला लागतील, त्या स्वयंपाकात मासे आहेत का ते मीच त्यांना विचारीन, आणि त्या शरमेने अर्धमेल्या होतील. आम्ही निघाल्यावर चार दिवस अंथरुणाला खिळतील आणि तरी मला धन्यवाद कळवतील. माझं तर त्यांच्याशी एक वाक्यही धड बोलून होणार नाही. नको म्हणावं तर कसं म्हणू? ही माणसं पुरणपोळी करून न्यायला निघाली होती.

म्हणून मी गावालाच नावं ठेवायला सुरुवात केली. म्हटलं, तिथे काही नाहीये गं बघण्यासारखं. भातखाचरं आहेत, तीही तेव्हा बर्फाखाली असतात. बर्फ काय, आपल्या दारात आहे की. बस दिवसातून मोजक्या वेळा. एक चुकली की थंडीत उभे. दुकान नाही, हॉटेल नाही. गावात सगळे म्हातारे, मुलं कंटाळून जीव खातील. बोलता बोलता माझा चांगलाच हात बसला. टेस्टिंगचं कामच ते, चांगल्या वस्तूत खोट शोधायची. एकेक चेहरा उतरत गेला.

माझी मुलगी पाणी प्यायला वर आली होती. तिला सेन्सेईंच्या घराचे फोटो मी लहानपणापासून दाखवलेत. ती म्हणाली, "बट यू लव्ह दॅट प्लेस, आई." मी तिला खाली पिटाळलं.

म्होरकीने समजूतदारपणे विचारलं, इतकं काहीच नाही तर मग तुला तरी कशाला दगदग? सरळ बाईंनाच टोकियोला बोलव ना, आपण त्यांना छान जेवायला नेऊ. मी म्हटलं, हो, बघू. त्याच बैठकीत त्या दिवसावर थीम पार्कची तिकिटं काढली गेली. गाडीत नवरा म्हणाला, बरं झालं तूच नको म्हणालीस, मला टेन्शन आलं होतं यार. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. रडू येत होतं, आणि कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं. माझं तोंड तर कुणी बांधलं नव्हतं. फक्त मी काहीही बोलले तरी त्यातून त्यांना माझी काळजी घ्यायचं नवं निमित्त मिळत होतं.

सेन्सेईंना सांगणं मी कित्येक दिवस टाळलं. शेवटी फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, त्यांची तेव्हा सकाळ असते, मी गराजमध्ये गाडीत बसून व्हिडिओ कॉल लावला. आमच्या घरात दार लावून बसलं की लगेच कुणीतरी काय झालं विचारतं, म्हणून गराज. मी म्हटलं की माझं येणं जमत नाहीये, बरोबर बरीच माणसं आहेत, त्यांची गैरसोय होईल. बोलताना दोनदा अडखळले. त्या नेहमीसारख्या थांबल्या. मग म्हणाल्या, बरोबर आहे, लोकांना त्रास देऊन येऊ नये. मी सुन्न झाले. मनात कुठेतरी मला वाटत होतं की निदान त्या तरी म्हणतील, ये. त्यांनाही जन्मभर हेच शिकवलेलं, चार लोकांच्या मध्ये येऊ नये. पुण्याला आल्याबद्दल त्यांच्या सासरच्यांनी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नव्हतं, हे त्यांनी मला फार पूर्वी एकदाच सांगितलं होतं.

मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुझी गादी माळ्यावरून काढून ठेवलीय. परत वर ठेवायला शेजारच्यांना बोलवावं लागेल. मार्चपर्यंत असू दे का खालीच?"

तेवढ्यात नवरा रिसायकलिंगचा डबा बाहेर न्यायला गराजमध्ये आला आणि मला पाहून गाडीपाशी थांबला. सेन्सेईंनी पडद्यावर त्याला वाकून नमस्कार केला, त्यानेही डबा हातात धरूनच केला. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, काय म्हणाल्या? मी त्याला गादीचं सांगितलं. हे गुडघे घेऊन त्या कुणाच्या मदतीने माळ्यावर चढल्या असतील कोण जाणे, तेही म्हटलं. मग म्हटलं की मला त्यांच्याकडे जायचंय आणि तू बरोबर नकोयस. त्याला लागलं, ते दिसलं मला. मग तो डबा ओढत बाहेर बर्फात गेला.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं. कारण दिलं नाही. थीम पार्कच्या दिवशी मी सकाळी निघणार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसाकाला येऊन मिळणार. कुणी भांडलं नाही. आमच्यात कुणी भांडत नाही. पुरणपोळी मागे पडली, नऊवारी मागे पडली. सगळे थोडे दुखावले आणि दुखावलेलं दिसू नये म्हणून जास्तच गोड बोलायला लागले. म्होरकीने तक्त्यात बदल केला. त्या दिवशी पार्कमध्ये जेवणाचं काय, हा प्रश्न उरला. तो तिनेच सोडवला.

"फोन चालू ठेव फक्त. आम्ही व्हिडिओ कॉल करू, तू तिथून वेटरला विचार. रात्री हॉटेलवरही लागेलच."

मला दिसलं, सेन्सेईंच्या समोर बसून मी फोनमध्ये ओरडतेय, यात मासे आहेत का. मी म्हटलं, "तिथे रेंज नसते."

त्या गावाबद्दलचं माझं हे आणखी एक खोटं. सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. आठवड्यापूर्वीच त्याने सेन्सेईंना माझ्या फोनवर पाहिलेलं, त्यांच्यामागच्या खिडकीतला बर्फसुद्धा स्वच्छ दिसत होता. तो ताटातली कोशिंबीर चमच्याने एका बाजूला करत होता. चार लोकांत नाही म्हणायची वेळ आली की त्याचे कान लाल होतात, तसे ते झाले होते.

"नाहीच लागत तिथे," तो मान वर न करता म्हणाला. "मी पण ट्राय केलंय."