तारमास्तर काकांचा वाघजबडा

वर्धा नदीला तिच्या ऐपतीपेक्षा जास्त पाणी जर कोणी पुरवले असेल, तर ते पावसाने नव्हे, आमच्या तारमास्तर काकांनी. काका माझ्या वडिलांचे जुने स्नेही. वर्ध्याच्या तारघरात बसून लोकांची सुखदुःखे चारपाच शब्दांत बसवणे हे त्यांचे काम, आणि ते काम ते विलक्षण कठोरपणे करीत. कोणी ‘आईची प्रकृती अत्यंत चिंताजनक’ असे लिहून आणले, की काकांची पेन्सिल पुढे होई. "‘अत्यंत’ काऊन पाहिजे, भाऊ? आई म्हटलं का अत्यंत येतेच." असे सहा दिवस वाचवलेले सगळे शब्द ते रविवारी संध्याकाळी पिपरीतल्या आपल्या अंगणात सढळ हाताने उधळीत. त्या उधळपट्टीला आम्ही वल्हे मंडळाची साप्ताहिक सभा म्हणत असू.

मंडळाकडे होड्या तीन, सभासद अकरा आणि प्रवासकथा अगणित. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुठल्याशा मासिकातले चित्र पाहून काकांनी बांबूच्या सांगाड्यावर ताडपत्री ताणली, तिला डांबर फासले आणि दोन उघड्या कनू व वरून बंद अशी एक कयाक, एवढी नौकासेना उभी केली. कयाकमध्ये बसायला मधोमध एक भोक असते. चित्रातला माणूस सडपातळ होता, ही गोष्ट काकांनी मापे घेताना विचारात घेतली नव्हती. बोर धरणाच्या जलाशयात ते त्या भोकात बसले ते निघेनातच. शेवटी चौघांनी त्यांना होडीसकट उचलून काठावर आणले आणि ताडपत्री कापून मोकळे केले. पुढच्या रविवारी हीच घटना आम्ही ऐकली ती अशी : "होडीनं मले सोडलंच नाई. मी म्हणून राह्यलो, बाई, घरी लेकरं वाट पाहून राह्यले, आता जाऊ दे. पन जीव लावला होता तिनं."

मी तेव्हा भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि निरीक्षणाची नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नसे. सभेत मी कोपऱ्यात वही घेऊन बसे. दोन वर्षांच्या नोंदींवरून माझ्या लक्षात आले, की काकांच्या अतिशयोक्तीत एक विश्वसनीय सातत्य आहे. पाण्याची खोली चाराने भागली, लाटांची उंची सहाने भागली, की उत्तर प्रत्यक्षाच्या जवळ येई. मगरींना भागाकार लागू नव्हता. त्या सरळ वजा कराव्या लागत. एकदा ती वही काकांच्या हाती पडली. ते रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी चष्मा वर करून आकडेमोड तपासली आणि खिन्नपणे म्हणाले, "चारानंच भागतं व्हय, बेटा? मी त पाचाचा अंदाज धरून सांगत होतो."

या कथांचा मुकुटमणी म्हणजे वाघजबडा. पुलगावच्या पुलाखालून निघून नदीने दीड दिवस खाली गेले, की पात्रात आडवी खडकांची रांग लागते. जवळचे गावकरी तिला नुसते ‘गोटे’ म्हणत. वाघजबडा हे नामकरण काकांचे. तिथे पाणी गर्जना करते, होडी बाणासारखी सुटते, आणि क्षणभर माणसाला स्वतःचे नावही आठवत नाही, असे त्यांनी शपथेवर सांगितले होते. पुढे जे जे सभासद जाऊन आले, त्या प्रत्येकाने त्या गर्जनेत आपापली भर घातली. होमिओपॅथीच्या डॉक्टरांची तिथे दोन वल्ही मोडली होती. सूतगिरणीतल्या फिटरसाहेबांना भोवऱ्याने तीनदा फिरवले होते. वाघजबडा ओलांडलेल्यानेच सभेत बोलावे, असा अलिखित नियम होता. त्यामुळे मी दोन वर्षे केवळ श्रोता होते. दिवाळीच्या सुटीत मैत्रिणीबरोबर ही सफर करायचीच, असे मी ठरवले. मागून डॉक्टर आणि फिटर यांची होडी येणार होती. अडचण एकच होती : माझ्या वडिलांनीही या सगळ्या कथा ऐकल्या होत्या.

बाबा सिंदीच्या बाजारात कापसाची प्रतवारी करीत. गाडीच्या तळाशी भिजवलेला कापूस दडवून आणणाऱ्यांशी झगडण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांनी मला होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ते रविवारी स्वतःच सभेला आले. चहा संपवला. मग म्हणाले, "मास्तर, माही पोरगी तिथं जातो म्हणते. मले आज गोष्ट नोका सांगू. वाघजबड्यातून होडी कशी काढली, तेवढंच सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिले. होकारासाठी मी किती आसुसले आहे, हे त्यांना ठाऊक होते. आणि समोर बसलेली मंडळी त्यांच्या कोणत्या शब्दावर नदीत उतरली होती, हेही. त्यांनी घसा खाकरला आणि तार वाचावी तसे बोलले.

"पाणी घोट्याइतकं. खडक टोकदार. खाली उतरलो. होडी डोक्यावर घेतली. काठानं चालत गेलो."

"आन् गर्जना?"

"नाई."

बाबांची नजर डॉक्टरांकडे वळली. डॉक्टर आकाश न्याहाळू लागले. "माही पाठ दुखत होती," ते अखेर पुटपुटले, "म्हणून मी आपलं मागचं टोक धरलं."

"मागचं टोक त मी धरलं होतं!" फिटरसाहेब उसळून म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येताच त्यांनी रिकामा कप तोंडाला लावला.

बाबा इतके हसले, की त्यांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. "मी समजत होतो, तुमी खरंच त्याच्यातून घुसले. तसं असतं त पोरगी काय, बकरी धाडली नसती तुमच्यासंगं. कुठं उतराचं ते ज्याले समजते, त्याच्यासंगं जाऊ द्याले हरकत नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जाजो. पन तिथं चालत."

मला परवानगी मिळाली. पण त्यानंतरचे तीन रविवार काकांनी एकही कथा सांगितली नाही. कोणी आग्रह केलाच तर म्हणत, "काई नाई, पाणी कमी होतं." बाकीचेही मग खऱ्याखुऱ्या खोल्या सांगू लागले आणि सभा अर्ध्या तासात आटपू लागली. ज्या अचूकतेचा मी दोन वर्षे पाठपुरावा केला होता, ती आता अंगणात बसली होती, आणि तिच्याकडे पाहून जांभया येत होत्या. तो अपराध माझा आहे, हे मला कळत होते. उपाय मात्र कोणत्याही सूत्रात सापडत नव्हता.

सफरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गोट्यांपाशी पोहोचलो, तर काठावर काका उभे! सकाळच्या एस.टी.ने येऊन, तुरीच्या वावरांतून दोन कोस तुडवत ते आले होते, आणि हातात जुन्या धोतराच्या दोन चुंबळी होत्या.

"मीच सांगितलं ना तुह्या बापाले, इथं चालत गेलो म्हणून?" ते म्हणाले. "किती पाणी हाय?"

मी खुणा केलेला बांबू टेकवला. "घोट्याच्या वर चार बोटं."

"पाह्य! मी घोट्याइतकंच म्हटलं होतं," काका हर्षभराने म्हणाले. "कमीच सांगितलं मी."

मैत्रिणीने वल्ही आणि सामान घेतले. आम्ही होडी उलटी करून डोक्यांवर घेतली. पुढचे टोक काकांच्या चुंबळीवर, मागचे माझ्या. आत डांबराच्या वासाचा काळोख होता. मला दिसत होत्या त्या केवळ काकांच्या भेगाळलेल्या टाचा. दहापंधरा पावले गेलो. मग ताडपत्रीच्या त्या पोकळीत त्यांचा आवाज घुमू लागला. "एका वर्षी, बेटा, याच जागी पाणी असं फुगलं होतं का तुले काय सांगू..."

आज मी पाण्याचे प्रवाह मोजण्याचेच काम करते. नद्या पुष्कळ पाहते, पण त्या घुमणाऱ्या काळोखातली नदी मला पुन्हा कुठे भेटली नाही. खडक संपत आले होते, पलीकडचे संथ पाणी होडीच्या काठाखालून दिसू लागले होते, आणि कथेत पूर नुकताच झाडांच्या शेंड्यांना शिवत होता. मी चाल थोडी मंद केली.