बुचाला गुंडाळलेला दोरा

काका गेल्यावर काकू आमच्याकडे विश्रांतवाडीला राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात एक लाकडी पेटी होती. तीत अत्तराच्या सहा जुन्या काचेच्या कुप्या. तीन लहान, अगदी एकसारख्या. तीन मोठ्या, शोभेच्या, कायम रिकाम्या. काकांनी त्या अनेक वर्षांत एकेक करून जमवलेल्या.

काकूची नजर तोवर जवळजवळ गेली होती. तरी रोज आंघोळ झाली की ती पेटी उघडायची, लहान तिघींतली हवी ती काढायची आणि बूच कानामागे टेकवायची. उन्हाळ्यात वाळा, श्रावणात केवडा, थंडीत हिना. चुकायची नाही. कशी ओळखते, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मी कारखान्यात मोजमापं तपासायच्या खात्यात आहे. पाव मिलिमीटरचा फरक असला तरी नग परत पाठवणं हे माझं काम. त्या कुप्यांबद्दल मी वाचू लागलो तोही त्याच सवयीने. साच्याची रेघ थेट तोंडापर्यंत गेली असेल तर कुपी बहुधा यंत्रावरची. बुडाला, घडवताना धरलेल्या लोखंडी गजावरून तोडल्याचा खडबडीत व्रण असेल तर हाताने फुंकलेली. जुन्या कामात बूच त्या-त्या कुपीलाच घासून बसवत, आणि जोडी चुकू नये म्हणून दोघांवर एकच आकडा कोरत.

काकू आठ दिवसांसाठी लेकीकडे कात्रजला गेली होती. पेटी तिने इथेच ठेवली होती, फुटायला नको म्हणून. मी रविवारी भिंग घेऊन बसलो. सहाच्या सहा बुचं चुकीच्या कुप्यांवर होती. मोठ्या कुप्यांची तोंडं उलट अरुंद; त्यांची बारीक बुडख्याची बुचं, एक टोकदार, एक फुलाचं, एक गोळ्याचं, लहान कुप्यांवर बसवलेली, आणि ती सैल पडू नयेत म्हणून त्यांच्या बुडख्याला सुती दोरा गुंडाळलेला. दोरा पिवळा पडून चिकट झाला होता.

बायको मागून म्हणाली, “काकूंना विचारलंत का?”

मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, आकडे कोरलेले आहेत.

“आकड्यांना विचारलंत. बरं.” ती कुकर लावायला गेली.

लहान कुप्या मी उलट्या धरून पाहिल्या. एक थेंब पडला नाही. वहीत ‘रिकामी’ असं तीनदा लिहिलं. दोरा कापून काढला. कुप्या एकेक करून कोमट पाण्यात धुतल्या, कारण गरम पाण्याने जुनी काच तडकते. पंचावर पालथ्या घालून पूर्ण वाळवल्या, कारण ओल राहिली तर आतून धुरकटते. मग आकड्याला आकडा जुळवून बुचं लावली. सहापैकी सहा. काम चोख झालं होतं.

काकू आली. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर तिने पेटी उघडली आणि तिचा हात कुप्यांवरून फिरत राहिला. लहान तिन्ही बुचं आता एकसारखी चपटी होती. मी उत्साहाने आकड्यांचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“मला दिसेनासं झालं तेव्हा ह्यांनी बुचं बदलली होती,” ती म्हणाली. “टोकदार वाळ्याला, फूल केवड्याला, गोळा हिन्याला. दोरा कुठाय?”

मी म्हटलं, “काकू, तो खराब झाला होता. टाकला.”

“अत्तर कधीच संपलं रे. वास दोऱ्यात होता.”

मी खाली धावलो. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती, आणि दोरा तर त्याआधीच्या रविवारचा. हे मला जिना उतरतानाही माहीत होतं.

त्याच संध्याकाळी बुधवार पेठेत जाऊन मी तिन्ही अत्तरं आणली. बुचं पुन्हा बदलली, नवा दोरा गुंडाळला, कुप्या भरल्या. काकूने तिन्ही बरोबर ओळखल्या. “छान आहे,” म्हणाली. आपण पाहुण्याच्या घरचा चहा छान म्हणतो, तसं. नंतर ती पेटी तिने उघडल्याचं मला आठवत नाही. मला ती कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काकू जाऊन आता दोन वर्षं होतील. कुप्या माझ्या कपाटात आहेत, उन्हापासून लांब. जुन्या वस्तूंतल्या एका जाणकारांनी मध्यंतरी त्या पाहिल्या. म्हणाले, अहो, तुमची बुचं चुकलीत, आकडे बघा. मी म्हटलं, राहू द्या. पेटी बंद केली.

वहीत त्या रविवारच्या पानावर सहाही कुप्यांची उंची, वजन, आकडे आहेत. लहान तिघींसमोर शेऱ्यात ‘दोरा काढला’. कधी मी टोकदार बूच उघडून वास घेतो. वाळाच आहे. पण मी आणलेला.